तळपायाची आग

चार वर्षांपूर्वी जळगावच्या एका वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत माझा लेख छापून आला होता. मथळा होता ‘ओळख चिनी उपचारपद्धतीची’. आठशे शब्द आणि मधोमध तळपायाचं रंगीत चित्र. अंगठ्यावर मेंदू, बोटांच्या खाली फुप्फुसं, मध्यभागी जठर, टाचेकडे कंबर. तो लेख लिहायला मला एक दुपार पुरली. इंटरनेटवरची तीन-चार पानं वाचली, घरात पडलेलं ॲक्युप्रेशरचं जुनं पुस्तक चाळलं आणि सगळं एका सुरात बसवलं. संपादकांनी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, बाकी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून आत्याचा फोन आला. “तूच लिखेल शे ना पेपरमा?” मी हो म्हणालो. तिच्या आवाजात अभिमान होता.

आत्याला बारा वर्षांपासून मधुमेह. तळपायांची आग व्हायची. उन्हाळ्यात रात्री ती पलंग सोडून खाली झोपायची, पाय उघड्या शहाबादी फरशीला टेकवून. माझा लेख तिनं कापून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. महिन्याभरानं बाजारातून टोचऱ्या दाण्यांच्या ॲक्युप्रेशर चपला आणल्या. रोज अर्धा तास घालून चालायच्या, असं मीच लिहिलं होतं.

पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी त्या लेखाचं परीक्षण करायचं आहे, एखाद्या पुस्तकाचं करतात तसं. कारण तो लेख एकट्या माझा नव्हता. मराठीत असे ‘ओळख’ लेख सतत येतात. पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, व्हॉट्सॲपवर. त्यांची वाक्यं ठरलेली असतात. चिनी वैद्यकाबद्दल आपल्याला जे माहीत आहे असं वाटतं, ते बहुतेक याच वाक्यांतून आलेलं असतं. तेव्हा एकेक वाक्य उचलून बघू.

‘पाच हजार वर्षांची परंपरा’

हे माझं पहिलं वाक्य. चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ म्हणजे ‘ह्वांगदी नेइचिंग’. तो साधारण दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झाला. त्यात पीतसम्राट प्रश्न विचारतो आणि त्याचा वैद्य उत्तरं देतो. हा सम्राट पुराणातला. पाच हजारांचा आकडा येतो तो त्याच्या पौराणिक वयावरून.

ग्रंथातली मांडणी आपल्याला फारशी परकी वाटत नाही. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते. यिन आणि यांग या दोन बाजूंचा तोल बिघडला की आजार होतो. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी अशा पाच अवस्था एकमेकींना घडवतात आणि आवरतात. ‘ची’च्या बारा मुख्य वाहिन्या आहेत, आणि त्यांवरचे व मधल्या रेषांवरचे मिळून ३६१ बिंदू आज प्रमाण मानले जातात. वैद्य जीभ बघतो, दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी नाडी बघतो. मग उपचार ठरतो. केसासारख्या बारीक सुया, वाळलेल्या वनस्पतीचा कापूस जाळून दिलेला शेक, पाठीवर लावलेले पेले, कातडी खरवडणं, मर्दन आणि काढे. यात काढ्यांचं स्थान सर्वांत मोठं आहे. सुयांचं नाव बाहेरच्या जगात झालं म्हणून आपण त्यांनाच चिनी वैद्यक समजतो.

माझ्या लेखात हे सगळं होतं. एक गोष्ट नव्हती. ही परंपरा सलग वाहत आलेली नाही. १८२२ मध्ये खुद्द चीनच्या सम्राटानं राजवैद्यकाच्या संस्थेतून सुयांचा उपचार काढून टाकला. १९२९ मध्ये तिथल्या सरकारपुढं जुनं वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा देशभरच्या वैद्यांनी एकत्र येऊन तो हाणून पाडला. १९४९ नंतर कम्युनिस्ट सरकारपुढं वेगळीच अडचण होती. लोक पन्नास कोटींच्या वर आणि आधुनिक डॉक्टर मूठभर. मग घराण्याघराण्यांत विखुरलेलं, एकमेकांशी भांडणारं वैद्यक एका चौकटीत बसवलं गेलं, पाठ्यपुस्तकं निघाली, १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ आणि चंगडू इथं महाविद्यालयं उघडली. आज ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ म्हणून जे सुटसुटीत रूप समोर येतं, ते बरंचसं तेव्हा घडलं. माओचे खासगी डॉक्टर ली चिसुई यांनी आठवणींत लिहून ठेवलंय, की माओ या वैद्यकाचा पुरस्कार करायचा, पण स्वतः त्यावर विश्वास ठेवत नव्हता.

यानं परंपरा खोटी ठरत नाही. नव्यानं बांधलेलं घर राहायला वाईट असतं असं नाही. पण ‘पाच हजार वर्षं’ या शब्दांचं लेखात एक काम असतं. ते वाचकाला गप्प करतात. एवढे दिवस टिकलंय म्हणजे खरंच असणार, असं आपण समजून घेतो आणि पुढचं वाक्य सैल मनानं वाचतो.

चित्र

आता ते रंगीत चित्र. जळगावात ज्या गाळ्यांवर ‘प्राचीन चिनी उपचार’ अशी पाटी असते, तिथं आत भिंतीवर हमखास तळपायाचा हा नकाशा टांगलेला असतो. मीही तो चिनी म्हणूनच छापायला दिला होता.

तो चिनी नाही. विल्यम फिट्झजेराल्ड नावाचे अमेरिकेतले एक कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. त्यांनी शरीराचे उभे दहा पट्टे कल्पिले आणि १९१७ मध्ये ‘झोन थेरपी’ या नावाचं पुस्तक एका सहलेखकाबरोबर काढलं. पुढं १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या अमेरिकन बाईंनी त्या कल्पनेवरून पायाच्या तळव्यावर एकेक अवयव मांडला. आज आपण बघतो त्या नकाशाचं मूळ तिथं आहे. अभिजात चिनी वाहिन्यांवरचा तळव्यावर येणारा बिंदू फक्त एक. त्याचं नाव ‘योंगछुआन’, म्हणजे उसळता झरा. बाकी जठर, यकृत, मूत्रपिंड, डोळे हा सगळा पसारा अमेरिकेतला.

कानाचा नकाशा बघा. पोटातल्या उलट्या बाळासारखं कानावर काढलेलं शरीर. तो १९५०च्या दशकात फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या पॉल नोजिए या डॉक्टरांनी मांडला आणि त्यानंतर चीननं आपलासा केला. त्यांना ही कल्पना सुचली ती काही रुग्णांच्या कानांवरचे डाग बघून. मार्सेयमधली एक बाई मांडीच्या शिरेच्या दुखण्यावर लोकांचे कान डागायची. तळहातावर मिरी-मेथीचे दाणे चिकटवायचा ‘सुजोक’ हा प्रकार कोरियाचा, १९८०च्या दशकातला. म्हणजे जळगावातल्या त्या एका भिंतीवर अमेरिका, फ्रान्स आणि कोरिया शेजारी शेजारी टांगलेले असतात आणि वर पाटी असते चीनची.

हा नकाशा आपल्याला इतक्या सहज का पटतो, यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, तो आपल्या भाषेत आधीपासून होता. तळपायाची आग मस्तकाला जाते, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात डोळे जळजळले की आजी तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायची. वाटी काळी पडली की म्हणायची, बघ, उष्णता निघाली. पाय आणि डोकं एका दोरीनं बांधलेले आहेत हे आपण मान्य करूनच बसलेलो असतो. नकाशा फक्त त्या दोरीला रंग आणि बाण देतो.

आत्याच्या बाबतीत ही म्हण शब्दशः खरी होती. तिच्या तळपायाची खरंच आग होत होती. तिला माझ्या चित्रात स्वतःचा पाय दिसला.

तुंबडी आणि कपिंग

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर गोल जांभळे डाग दिसले आणि एका आठवड्यात ‘कपिंग’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. माझ्या लेखात त्यावर एक उत्साही परिच्छेद होता. त्याच पानावर मला हे सुचलं नाही, की आपल्याकडे याला तुंबडी लावणं म्हणतात. वैदू समाजाची माणसं शिंग किंवा तुंबडी लावून रक्त ओढायची, बायका दारोदार सुया आणि बिब्बे विकायच्या. शेतात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देणारी माणसं खान्देशात अजून आहेत. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापल्या लोखंडानं पोटावर डाग देतात. त्याला डंबा म्हणतात, आणि त्याविरुद्ध आरोग्य कार्यकर्ते वर्षानुवर्षं झगडत आहेत.

डंबा बंद व्हायलाच हवा. त्यात बाळं भाजतात. प्रश्न आमच्या लिहिण्याचा आहे. वैदूनं तुंबडी लावली की बातमीत ‘अघोरी’ हा शब्द येतो. तीच गोष्ट एसी लावलेल्या खोलीत, काचेच्या पेल्यात, पाचशे-हजार रुपये घेऊन झाली की ‘थेरपी’ येतो. चीनमध्ये त्वचेवर डाग पडेपर्यंत शेक देण्याची पद्धतही होती, ती ‘ओळख’ लेखांत सापडत नाही. मला वाटतं दोघांनाही एकच प्रश्न विचारला पाहिजे: यानं नेमकं काय बरं होतं आणि काय बिघडू शकतं? तो मी वैदूला विचारला असता. चिनी पाटीला विचारला नाही.

डॉक्टर कोटणीस मध्येच का येतात

मराठीतल्या अशा लेखांत एक परिच्छेद सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर असतो. माझ्याही होता. जपाननं चीनवर आक्रमण केलं तेव्हा १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक तिकडं पाठवलं. त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते, कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेले.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि स्वतः कोटणीस झाले. सिनेमातले कोटणीस प्लेगवर उपाय शोधतात आणि त्याच रोगानं जातात. अपस्मार पडद्यावर शोभला नसता. बलिदानाला साजेसा रोग हवा होता, तो पटकथेनं दिला. मला या बदलाचा राग येत नाही, सिनेमा तसाच असतो. पण ‘ओळख’ लेख त्याच सवयीनं एक पाऊल पुढं जातात. कोटणीस चीनला गेले, म्हणजे त्यांनी चिनी वैद्यक आपल्याकडं आणलं, असं वाचकाच्या मनात बसतं. कोटणीस मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले शल्यविशारद होते. चीनमध्ये त्यांनी जखमी सैनिकांवर शेकड्यांनी शस्त्रक्रिया केल्या. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते डॉ. बसूंनी, पुन्हा चीनला जाऊन शिकून, १९५९ मध्ये कोलकात्यात. त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही, म्हणून ते आमच्या परिच्छेदात नसतात.

असंच जेम्स रेस्टन यांचं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे हे पत्रकार १९७१ च्या जुलैत बीजिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. शस्त्रक्रिया नेहमीच्या इंजेक्शननं भूल देऊन झाली. नंतर पोटात त्रास होऊ लागला तेव्हा सुया टोचल्या. त्यांनी हे सरळ लिहिलं. जगभर मात्र कथा फिरली ती ‘नुसत्या सुया टोचून ऑपरेशन’ अशी. माझ्या लेखातही तीच होती.

‘मानलं जातं’

आता व्याकरण. जुना लेख पुन्हा वाचताना मी ‘मानलं जातं’, ‘सांगितलं जातं’, ‘दिसून आलं आहे’ यांच्याखाली पेन्सिलनं रेघा मारल्या. आठशे शब्दांत अकरा. कोण मानतं? कुणाला दिसून आलं? कर्ता कुठंच नाही. चूक ठरली तर पकडायला कुणी सापडू नये अशी सोय मी नकळत करून ठेवली होती.

एका वाक्यात कर्ता होता: जागतिक आरोग्य संघटनेनं अमुक इतक्या आजारांवर ॲक्युपंक्चर उपयोगी असल्याचं मान्य केलं आहे. हे वाक्य १९७९ पासून फिरतंय. त्या वर्षी संघटनेनं बीजिंगला एक परिसंवाद भरवला होता आणि त्यातून त्रेचाळीस आजारांची यादी निघाली. ती वैद्यांच्या अनुभवावरून केलेली होती, नियंत्रित चाचण्यांवरून नव्हे. यादी प्रवास करत राहिली, तिच्यासोबतचा खुलासा मागं राहिला.

चाचण्या नंतर झाल्या आणि त्यातली एक मला फार बोलकी वाटते. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटाला चिनी नियमांप्रमाणे योग्य बिंदूंवर सुया. दुसऱ्याला मुद्दाम भलत्या जागी, वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्याला गोळ्या आणि व्यायाम असे नेहमीचे उपचार. २००७ मध्ये निकाल छापला. सहा महिन्यांनी फरक पडलेले लोक पहिल्या गटात सुमारे ४८ टक्के, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात २७.

हे आकडे सावकाश वाचावेत, कारण ते दोन्ही पक्षांना अडचणीचे आहेत. ‘सगळं थोतांड’ म्हणणाऱ्यानं बघावं, की सुयांच्या दोन्ही गटांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम पडला. नकाशावाल्यानं बघावं, की सुई बरोबर जागी टोचली काय आणि भलतीकडं टोचली काय, फार फरक पडला नाही. पुढं अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हाही जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी अशा दुखण्यांत खरी सुई खोट्या सुईपेक्षा थोडी सरस ठरली, आणि काहीच न करण्यापेक्षा दोन्ही बऱ्याच सरस. माणूस आडवा होतो, कुणीतरी अर्धा तास त्याच्याकडं लक्ष देतं, अंगाला हात लावतं, पुन्हा बोलावतं. या सगळ्याचा दुखण्यावर परिणाम होतो. पण तो दुखण्यावर होतो. साखरेवर, गाठीवर, बंद पडत चाललेल्या मूत्रपिंडावर होतो असं या आकड्यांत कुठं नाही. माझ्या लेखातल्या आजारांच्या यादीत मधुमेह सहाव्या क्रमांकावर होता.

‘कोणतेही दुष्परिणाम नाहीत’

हे वाक्य तर मी ठळक टाइपात मागितलं होतं. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या शंभरएक बायकांची मूत्रपिंडं बिघडली. एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया नावाची दुसरी वापरली गेली होती. तिच्यातलं आम्ल मूत्रपिंडाला मारक आहे आणि त्यानं कर्करोगही होतो. जे औषध काही करू शकतं ते काही बिघडवूही शकतं. दुष्परिणाम अजिबात नाहीत असं कुणी म्हणालं, तर परिणाम तरी आहेत का हे विचारावं.

उलटं उदाहरण आपल्या अंगणात आहे. १९६७ च्या २३ मे रोजी चीननं मलेरियावर औषध शोधण्याचा एक गुप्त प्रकल्प सुरू केला. तारखेवरून त्याचं नाव ५२३. त्यात थू योयो या संशोधक बाईंनी जुन्या चिनी ग्रंथांतले नुस्खे चाळले. चौथ्या शतकातल्या क हुंग या वैद्यानं छिंगहाव नावाची वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितला होता. उकळायला सांगितलं नव्हतं. उकळल्यानं औषध मरत असेल, असं थू योयोंच्या लक्षात आलं. त्यांनी कमी उष्णतेवर ईथरमधून अर्क काढला आणि तो लागू पडला. आर्टेमिसिनिन. २०१५ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच गोत्रातली. शेक द्यायला जी जाळतात तीही त्याच गोत्रातली.

यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला फाल्सिपॅरम मलेरियाचा रुग्ण निघाला, तर सरकारी आरोग्य कार्यक्रमात त्याला जे गोळ्यांचं पाकीट मिळतं त्यात आर्टेसुनेट असतं, आर्टेमिसिनिनचंच एक रूप. चिनी वैद्यक खान्देशात खरंखुरं पोचलं ते या पाकिटातून. त्यावर ना ड्रॅगन आहे ना यिन-यांगचं चिन्ह. जुन्या पोथीतली एक ओळ कुणीतरी गंभीरपणे घेतली, तपासली, तिच्यातलं काय खरं ते वेगळं काढलं, किती मिलिग्रॅम द्यायचं ते ठरवलं. परंपरेचा याहून मोठा मान मला माहीत नाही. माझ्या लेखात याला दीड ओळ होती, पाच हजार वर्षांच्या पुराव्यादाखल.

कान कुणी टोचायचे

जळगाव ही सोन्याची पेठ. इथं ‘कान सोनारानंच टोचावेत’ ही म्हण नुसती म्हण नसते, बाळाला घेऊन माणसं खरोखर सराफ बाजारात जातात. सुईच्या बाबतीत हाच प्रश्न सरकारलाही पडला. महाराष्ट्रानं २०१५ च्या कायद्यानं ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धतीचा दर्जा दिला आणि नोंदणीसाठी परिषदेची तरतूद केली. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये तशी मान्यता दिली. तेव्हा कंबर धरली म्हणून कुणी सुया टोचून घ्यायला निघालं असेल, तर नोंदणी विचारायला संकोच करू नये आणि सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून निघते का ते बघावं. चालू असलेल्या गोळ्या बंद करा असं कुणी सांगितलं, तर तिथून उठावं.

पण कायदा सुई टोचणाऱ्याची नोंद ठेवतो. लेख लिहिणाऱ्याची कुठं नोंद नसते. आणि आत्याला सुई कुणी टोचलीच नव्हती.

राहून गेलेलं वाक्य

आत्या रोज सकाळी त्या चपला घालून गच्चीवर फिरायची. शिवाय आठवड्यातून दोनदा एका केंद्रात जायची. तिथली मुलगी चाळीस मिनिटं तिचे पाय मांडीवर घेऊन दाबायची आणि गप्पा मारायची. दोन-तीन महिन्यांत तळपायांची आग कमी झाली. तिनं मला फोन करून सांगितलं, गुण आला. मी तो फोन मित्रांना कौतुकानं सांगितला.

आग कमी झाली होती, कारण पाय बधिर होत चालले होते. जुन्या मधुमेहात पायांच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या, आग, चटके. मग हळूहळू काहीच नाही. ज्याला आम्ही गुण समजलो ते आजाराचं पुढचं पाऊल होतं. प्लास्टिकच्या टोकांनी डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाखाली जखम झाली. ती तिला कळली नाही. कळली ती भाच्याला, फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा. मी पारोळ्यामार्गे धुळे गाठलं तोवर बोट काळं पडलं होतं. सर्जन जखम दाबून बघत होते, मी तोंड फिरवलं होतं आणि आत्या शांतपणे सांगत होती, “काहीच दुखत नही माले.”

ते बोट काढावं लागलं. उरलेला पाय वाचला.

माझ्या लेखात एक वाक्य हवं होतं: ज्यांना मधुमेह आहे त्यांनी टोचऱ्या चपला, रोलर, गरम शेक यांच्या वाटेला जाऊ नये. एवढंच, एक ओळ. ‘ओळख’ लेखांत ती नसते, कारण ओळख करून देताना कुणाचे दोष सांगायचे नसतात असं आपण धरून चालतो. स्थळ सुचवताना करतात तसं. पण औषधाची खरी ओळख ते कुणी घेऊ नये इथूनच सुरू होते.

आत्यानं मला दोष दिला नाही. केंद्रातल्या मुलीबद्दलही ती वाईट बोलत नाही. पोरीचा हात चांगला होता, म्हणते. मला हे आधी भाबडेपण वाटलं. मग मी तिची जुनी फाइल उलटून बघितली. बारा वर्षांच्या चिठ्ठ्या, साखरेचे आकडे, बदललेल्या गोळ्या. पायांबद्दल एक अक्षर नाही. तिलाही विचारलं. बारा वर्षांत एकाही डॉक्टरनं तिला चप्पल काढ म्हटलं नव्हतं. तिचे पाय हातात घेणारी पहिली व्यक्ती ती मुलगी होती. नकाशा चुकीचा होता, पण पायाकडं बघायचं असतं एवढं तरी त्या गाळ्यात कुणाला तरी वाटत होतं. चिनी वैद्यकावर हसणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते गप्प होतात.

रेशनकार्डाच्या पिशवीत ते कात्रण अजून आहे. मी मागितलं, तिनं दिलं नाही. भाच्याचं नाव छापून आलेलं आहे म्हणे.

तुमच्या घरात मधुमेहाचं कुणी असेल, तर हा लेख वाचून झाल्यावर त्याच मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यांचे तळपाय बघा. बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या कडेला. डोळे मिटायला सांगा आणि कापसानं हलकेच स्पर्श करून विचारा, कुठं लागलं. ओळखलं नाही, किंवा फोड, भेग, काळा डाग दिसला, तर उद्याच दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता चप्पल काढायला लावा.